छायाचित्रांच्या वाटेने आकाशाकडे

आमच्या हौशी आकाशनिरीक्षकांच्या गटात नव्याने येणाऱ्यांसाठी परिचयसत्र घेण्याची जबाबदारी माझ्याकडे आली, तेव्हा ते छायाचित्रांवरच आधारलेले असावे हे मी लगेच ठरवले, कारण आमच्याकडे येणाऱ्या बहुतेकांचे कुतूहल एखाद्या विलक्षण छायाचित्रानेच जागे झालेले असते. मात्र त्याबरोबर मी स्वतःला एक अट घालून घेतली. हे दृश्य आकाशात नेमके कुठे आहे, त्याचा प्रकाश कसा आणि किती वेळ गोळा केला, आणि त्या दिशेला नुसत्या डोळ्यांनी पाहिले तर काय दिसेल, या तीन प्रश्नांची उत्तरे ज्या छायाचित्राबाबत मला देता येणार नाहीत, ते कितीही देखणे असले तरी सत्रात घ्यायचे नाही.

या अटीमुळे निवड करायला अपेक्षेपेक्षा बराच वेळ लागला. ‘अ‍ॅस्ट्रॉनॉमी पिक्चर ऑफ द डे’ हा उपक्रम १६ जून १९९५ पासून रोज एक चित्र खगोलशास्त्रज्ञांनी लिहिलेल्या टिपणासह देत आला आहे, त्यामुळे विश्वासार्ह माहितीसकट चित्रे शोधण्यासाठी त्याचा मला सर्वाधिक उपयोग झाला. मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रांचा उगम मात्र पुष्कळदा सापडत नाही, आणि त्यांत छायाचित्र कोणते व चित्रकाराची कल्पना कोणती हे नवख्या माणसाला ओळखता येत नाही. म्हणून सत्रात एक कल्पनाचित्र मी मुद्दाम ठेवले: बाहेरून पाहिल्यास सर्पिल दिसणारी आपली आकाशगंगा. तिचा व्यास सुमारे एक लाख प्रकाशवर्षे आहे, आणि मानवाने सर्वांत दूर पाठवलेले व्हॉयेजर १ हे यान अजून एका प्रकाशदिवसाच्या आसपासच पोहोचले आहे. म्हणजे असे छायाचित्र आज कुणालाही घेता येणे शक्य नाही. ही दोन अंतरे शेजारी ठेवली की श्रोते पुढच्या प्रत्येक चित्राकडे अधिक चौकसपणे पाहू लागतात, असा माझा अनुभव आहे.

सुरुवात मी ताऱ्यांच्या वर्तुळाकार रेषांच्या छायाचित्राने करतो. कॅमेरा ध्रुवताऱ्याकडे रोखून बराच वेळ प्रकाश घेतला, की प्रत्येक तारा एक कंस काढतो. पृथ्वीच्या परिवलनामुळे आकाश तासाला सुमारे १५ अंश फिरल्यासारखे दिसते, तेव्हा एखादा कंस केंद्राशी ३० अंशांचा कोन करत असेल तर ते छायाचित्र दोन तासांचे असणार. हा कोन मी श्रोत्यांनाच मोजायला सांगतो. खुद्द ध्रुवताराही एक छोटासा कंस काढतो, कारण तो खगोलीय ध्रुवापासून अर्ध्या अंशाहून थोडा अधिक दूर आहे. हे एखाद्याने न सांगता हेरले, तर सत्राला खरी सुरुवात झाली असे मी समजतो.

त्यानंतर मृग नक्षत्र. व्याधाने मारलेल्या बाणाचे तीन तारे बहुतेकांना ओळखता येतात, आणि त्यांच्या थोडे दक्षिणेला असलेला अंधुक ठिपका म्हणजे सुमारे १,३५० प्रकाशवर्षे दूर असलेला, आजही नवे तारे घडवणारा तेजोमेघ आहे. हेन्री ड्रेपर यांनी १८८० मध्ये त्याचे पहिले छायाचित्र घेतले, त्यासाठी त्यांना सुमारे ५० मिनिटे प्रकाश गोळा करावा लागला. ते धूसर चित्र आणि हबल दुर्बिणीने घेतलेले झगझगीत चित्र मी एकापाठोपाठ दाखवतो. तेव्हा हमखास येणारा प्रश्न म्हणजे, हे रंग खरे आहेत का?

या प्रश्नासाठी मी सर्वांत जास्त वेळ राखून ठेवतो, कारण त्याचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असे एका शब्दात दिले तर ते अपुरे राहते. मंद प्रकाशात आपल्या डोळ्यांतील ज्या पेशी काम करतात त्यांना रंगभेद कळत नाही, शिवाय डोळा कॅमेऱ्यासारखा मिनिटेच्या मिनिटे प्रकाश साठवू शकत नाही. त्यामुळे तेजोमेघातील हायड्रोजनचा तांबडा प्रकाश खरोखर अस्तित्वात असूनही दुर्बिणीतून पाहणाऱ्याला तो करडाच दिसतो. गरुड तेजोमेघातील ‘सृष्टीच्या स्तंभां’चे १९९५ मधील प्रसिद्ध चित्र याहून वेगळे आहे. त्यात वेगवेगळ्या फिल्टरमधून टिपलेल्या गंधकाच्या प्रकाशाला लाल, हायड्रोजनच्या प्रकाशाला हिरवा आणि ऑक्सिजनच्या प्रकाशाला निळा रंग नेमून दिला आहे, म्हणजे ते कोणता वायू कुठे प्रकाशतो आहे याचा नकाशाही आहे. वेब दुर्बिणीने २०२२ मध्ये हेच स्तंभ अवरक्त प्रकाशात टिपले, तेव्हा धुळीतून पार होणाऱ्या त्या प्रकाशामुळे आत दडलेले तारे दिसू लागले. ही दोन्ही चित्रे शेजारी ठेवून मी फक्त एवढेच विचारतो की, पहिल्यात न दिसणारे तारे दुसऱ्यात कुठून आले? त्यावर होणारी चर्चा मी सहसा थांबवत नाही. सर्वांत उंच स्तंभ चार-पाच प्रकाशवर्षांचा, म्हणजे सूर्यापासून सर्वांत जवळच्या ताऱ्यापर्यंतच्या अंतराएवढा आहे, हे चर्चा ओसरल्यावर सांगितले की अधिक चांगले लक्षात राहते.

देवयानी दीर्घिकेचे छायाचित्र मी नेहमी पूर्णचंद्राच्या छायाचित्राशेजारी, एकाच प्रमाणात लावतो. तिचा विस्तार आकाशात सुमारे तीन अंशांचा, म्हणजे चंद्रबिंबाच्या सहापट आहे, आणि तरीही अंधाऱ्या ठिकाणाहून डोळ्यांना दिसतो तो केवळ तिच्या गाभ्याचा धुरकट डाग. ही दीर्घिका आपल्या आकाशगंगेतच आहे की बाहेर, हा वाद एका छायाचित्रामुळेच निकाली निघाला, म्हणून ते मला विशेष प्रिय आहे. ऑक्टोबर १९२३ मध्ये एडविन हबल यांनी घेतलेल्या काचेच्या प्लेटवर नवतारा म्हणून केलेली खूण त्यांनी नंतर स्वतःच खोडली, कारण तो तारा ठरावीक काळाने कमीजास्त तेजस्वी होणारा रूपविकारी तारा निघाला. त्यावरून त्यांनी काढलेले अंतर सुमारे नऊ लाख प्रकाशवर्षे होते. आज ते २५ लाख प्रकाशवर्षे मानले जाते, पण दीर्घिका आपल्या आकाशगंगेबाहेर आहे हे सिद्ध व्हायला पहिला आकडाही पुरेसा होता.

हबल डीप फील्डबद्दल मी फार बोलत नाही. सप्तर्षीतील, चंद्रबिंबाच्या शंभराव्या भागाहूनही लहान अशा रिकाम्या वाटणाऱ्या तुकड्याकडे डिसेंबर १९९५ मध्ये दहा दिवस दुर्बीण रोखून ३४२ छायाचित्रे घेतली, आणि ती एकत्र केल्यावर सुमारे तीन हजार दीर्घिका दिसल्या, एवढे सांगून चित्र पडद्यावर तसेच राहू देतो.

यानंतर बाहेर पडायचे. डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटे लागतात, म्हणून पांढरे दिवे आणि मोबाइलचे पडदे मी आधीच बंद करायला लावतो. तारानकाशा पाहण्यासाठी तेवढी मंद लाल विजेरी चालते. पडद्यावर पाहिलेली ठिकाणे एकेक करून आकाशात शोधायची, शक्य तिथे द्विनेत्रीतून पाहायची, आणि शेवटी प्रत्येकाने मोबाइल तिपाईवर घट्ट बसवून दहा ते तीस सेकंदांचे स्वतःचे छायाचित्र घ्यायचे, असा क्रम मी ठरवला आहे. मोबाइलच्या छोट्या चित्रातही मृगातील काक्षीची तांबूस आणि राजन्याची निळसर छटा वेगळी ओळखू येते, आणि रंगावरून ताऱ्याचे तापमान कळते ही गोष्ट सांगायला तिथे चांगली संधी मिळते.

पुन्हा येणाऱ्यांना मी एकच काम देतो. गुरू ज्या राशीत असेल तेवढा आकाशाचा तुकडा दर आठवड्याला त्याच मांडणीत टिपायचा, आणि महिना-दोन महिन्यांनी सगळी छायाचित्रे एकावर एक ठेवून कोणता ठिपका सरकला ते शोधायचे. क्लाइड टॉम्बॉ यांना प्लूटो याच रीतीने सापडला: जानेवारी १९३० मध्ये काही दिवसांच्या अंतराने घेतलेल्या दोन प्लेटा आलटूनपालटून पाहताना, १८ फेब्रुवारीला, एक अतिशय मंद ठिपका जागा बदलताना त्यांना दिसला. मोबाइलला प्लूटो दिसणार नाही, पण गुरूचे सरकणे मात्र त्यात स्पष्ट मोजता येते.