साचेखात्यातला हरिपाठ

माझे आजोबा देवाशी मोठ्याने बोलत. लालबागच्या आमच्या चाळीत पहाटे त्यांचा हरिपाठ सुरू झाला की खालच्या मजल्यावरची मंडळी घड्याळाकडे न बघताच दुधाच्या रांगेला निघत, आणि एकादशीच्या भजनात त्यांचा आवाज मृदंगाच्याही वर चढे. पुष्कळांना तो भक्तीचा आवेश वाटे. खरे कारण गिरणीत होते. आजोबा साचेखात्यात, म्हणजे मागांच्या विभागात, कामाला होते. धोटा म्हणजे मागावर आडवा धागा इकडून तिकडे नेणारा लाकडी तुकडा. असे धोट्याचे शेकडो माग एका छताखाली चालू लागले की तिथला आवाज १०० डेसिबलच्या घरात जातो, आणि अशा आवाजात आयुष्य काढलेल्या माणसाला हळू बोललेले ऐकूही येत नाही आणि स्वतः हळू बोलताही येत नाही. खात्यात एकमेकांचे बोलणे ओठांवरून आणि हातवाऱ्यांवरून ओळखायचे असे. तीच सवय घरी आल्यामुळे आजोबा समोरच्याच्या तोंडाकडे टक लावून बघत, आणि घरात आलेल्या नव्या सुनांना ते उगाचच कडक वाटत. भजनात टाळ वाजवतानाही त्यांची नजर मृदंगवाल्याच्या हातावर खिळलेली असे. चुकत मात्र कधी नसत. मंडळाने लाऊडस्पीकर आणला तेव्हा सर्वांत आधी विरोध केला तो त्यांनीच. “देवाला काय साचेखात्यात उभा केलाय व्हय रं?” असे त्यांनी विचारले, अर्थात लाऊडस्पीकरपेक्षा मोठ्या आवाजात.

सुताला दमट हवा मानवते. १८५४ साली कावसजी दावरांनी मुंबईतल्या पहिल्या कापड गिरणीची उभारणी हाती घेतली आणि पुढे याच शहरात गिरण्यांची दाटी झाली, त्याची जी कारणे सांगितली जातात त्यांत समुद्राकाठची ही हवाही असते. हवा कितीही चांगली असली तरी सूत तुटायचे ते तुटतेच. ताण्याचा, म्हणजे मागावरचा उभा, धागा तुटला की तो जोडायची विणकराची गाठ इतकी बारीक असावी लागते की ती मागाच्या फणीतून, म्हणजे ताण्याचे धागे वेगळे ठेवणाऱ्या कंगव्यातून, अडखळल्याशिवाय पार जावी. जाड गाठ फणीत अडकते आणि शेजारचे धागेही तोडते. आजोबा ती गाठ न बघता मारत. गळ्यातली तुळशीची माळ तुटली तर त्याच गाठीने जोडत, आणि जोड शोधायचा झाला तर बोटांनी चाचपावा लागे. जाड गाठ हा त्यांच्या लेखी जवळजवळ अधर्म होता. देवळातल्या हाराची ओबडधोबड गाठ दिसली की ते आधी ती सोडून पुन्हा बांधत आणि मग हात जोडत.

आपले काम हीच आपली पूजा, असे मात्र ते कधी म्हणाले नाहीत. कीर्तनकार सावता माळ्याची, गोरोबा कुंभाराची गोष्ट रंगवू लागले की ते मान डोलावत, पण रातपाळीहून घामाने आणि कापसाच्या तुसाने माखून येणाऱ्या माणसाला गिरणी हे पंढरपूर वाटत असेल असे मला वाटत नाही. साच्यावर ते पगारासाठी उभे राहत. खंडेनवमीला त्याच साच्याला झेंडूची माळ घालत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याला शिव्या देत.

एकच गोष्ट ते आवाज खाली आणून सांगत. धोट्यात सुताची नवी कांडी घातली की तिचे सूत धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. सवर्ण कामगार विटाळ मानत, म्हणून दलित कामगारांना साचेखात्यात घेतले जात नसे, आणि मागावरची मजुरी तर इतर खात्यांपेक्षा चांगली. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला होता. आजोबा त्यानंतर पुष्कळ वर्षांनी गिरणीत लागले, तरी खात्यातली जुनी माणसे ती रीत अजून अभिमानाने सांगत आणि आजोबा ऐकून घेत. पंढरपूरला गेले की महाद्वारात चोखोबांच्या समाधीपाशी ते बराच वेळ डोके टेकून राहत. त्याचा या गोष्टीशी काही संबंध होता का, हे त्यांनी कधी सांगितले नाही. मला तो वाटतो.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. आजोबांना उपवासाची सवय होती, घरातल्यांना नव्हती. कापूस ओळखणारे हात रिकामे बसेनात, म्हणून त्यांनी वाती वळायला सुरुवात केली. बाजारातल्या वाती एक जाड आणि एक बारीक अशा असत. यांच्या मात्र सगळ्या एकसारख्या.

दर आषाढीला ते लालबागहून वडाळ्याच्या विठ्ठल मंदिरात चालत जात. मुंबईकर त्या देवळाला प्रतिपंढरपूर म्हणतात, आणि त्या दिवशी तिथली रांग संपता संपत नाही. एरवी रांगेत उभे राहणारे आजोबा त्या वर्षी रांगेच्या कडेला वातींची टोपली घेऊन बसले. दर्शनाला आत गेलेच नाहीत, कारण तेवढ्यात गिऱ्हाईक सुटले असते. संध्याकाळी आजीने विचारले तेव्हा ते म्हणाले, “त्याला ठावं हाय मी भायेर बसलोय त्ये.”

आजीचे या उत्तराने समाधान झाले नाही. पुढच्या आषाढीला टोपलीपाशी ती स्वतः बसली आणि आजोबांना तिने रांगेत पाठवले.