तुम्ही विचारलंत म्हणून: फुगाझीसारखा आवाज कोणत्या पेडलने येतो?

नागपुरात नवा बँड जमवणाऱ्या पोरांचा प्रश्न ठरलेला असतो: "दादा, फुगाझीसारखा आवाज पाहिजे, कोणतं पेडल घेऊ?"

कोणतंच नको. पेडल म्हणजे गिटारचा आवाज बदलणारी, पायाने चालू-बंद करायची डबी; फुगाझी या अमेरिकन बँडला तिची गरज नव्हती. त्यांचे गायक-गिटारवादक इयन मॅकाय यांची गिब्सन एसजी गिटार थेट मार्शल अँपला (अँप्लिफायरला) जोडलेली असायची. दुसरे गायक-गिटारवादक गी पिचोटो यांच्या रिकनबॅकर गिटारचाही मामला असाच साधा. वॉशिंग्टनच्या या बँडला पोस्ट-हार्डकोर म्हणतात ते हार्डकोर पंकचा (म्हणजे वेगवान, आक्रमक रॉकचा) जोर ठेवून त्यातली सलग धावपळ काढून टाकली म्हणून. जो लॅली यांच्या बास गिटारमध्ये रेगे आणि डब या जमैकन संगीताची चाल आहे, गाणं पुष्कळदा तोच ओढतो. त्यांचं 'वेटिंग रूम' हे गाणं ऐका. आधी बास, मग सगळे, आणि मग एकदम शांतता. तो थांबाच खरा दणका आहे.

म्हणून अँपवर गेन (आवाज किती फाटेल ते ठरवणारा नॉब) 10 पैकी 5, मिड (मधले स्वर) 7, बास (खर्ज) 4 इथून सुरू करा. संथ भागात गिटारचा व्हॉल्यूम 3-4 वर आणा, दणक्याला 10 वर न्या. गुरगुर आणि स्वच्छ आवाज दोन्ही त्या एका नॉबवर मिळतात. गेन 8-9 वर नेला की दोन गोष्टी बिघडतात. नॉब फिरवूनही आवाज स्वच्छ होत नाही, आणि थांबलात की शांततेऐवजी घूंऽऽ ऐकू येतं. गेन कमी करूनही घूं राहिली आणि तारांना हात लावताच कमी झाली, तर गिटारचं वायरिंग आणि खोलीचं अर्थिंग तपासून घ्या. प्लगची तिसरी पिन मात्र कधीही तोडू नका.

दुसरी चूक म्हणजे दोन्ही गिटारींनी तेच पॉवर कॉर्ड (दोन-तीन स्वरांचे दणकट कॉर्ड) वाजवणं. त्यात बास गिटार बुडते. पिचोटो आधी फक्त गायचे, 'रिपीटर' (1990) या अल्बमपासून त्यांची गिटार नेमाने आली, आणि ती मॅकाय यांच्या खालच्या सुरातल्या रिफवर (पुन्हा पुन्हा येणाऱ्या सुरावटीवर) वरून ओरखडे काढते. तुमच्यातल्या एकाने जाड, खालच्या सुरांच्या तीन तारा घ्याव्यात, दुसऱ्याने बारीक, वरच्या सुरांच्या तीन.

स्टुडिओचं कौतुकही बेताचंच ठेवा. 1993 चा अल्बम त्यांनी आधी शिकागोत ध्वनिमुद्रक स्टीव्ह अल्बिनींकडे रेकॉर्ड केला, पटला नाही, आणि सगळा नव्याने रेकॉर्ड केला. त्यांची खरी तयारी मंचावर झाली. 1987 ते 2002 मध्ये हजाराच्या आसपास कार्यक्रम, तिकीट शक्यतो 5 डॉलर, आणि गाण्यांची यादी ठरलेली नाही. पुढचं गाणं कोणतं, हे एकमेकांचं ऐकूनच कळायचं.

तेव्हा रियाज थांबण्याचा करा. मेट्रोनोम 110 वर, चार बार (एक बार म्हणजे चार बीट) वाजवा, दोन बार गप्प, पुन्हा चार. थांबताना गिटारवाल्यांनी दोन्ही हातांनी तारा दाबाव्यात, ड्रमरने झांजा पकडाव्यात. तबलेवाल्यांना हे लवकर उमगतं: ठेका थांबला तरी मात्रा चालूच असते. बहुतेक बँड त्या आठ बीटमध्ये घाई करतात आणि सातव्यालाच घुसतात. मोबाइलवर रेकॉर्ड केलं की पकडले जातात.

मे महिन्यातल्या कोरड्या हवेत फिंगरबोर्डचं लाकूड आक्रसतं आणि फ्रेटची टोकं बोटाला टोचू लागतात. कूलरसमोर गिटार ठेवली तर तारा गंजतात. गिटार पेटीत ठेवा. आणि रेकॉर्डिंगपुरता तरी कूलर बंद करा बाप्पा, नाहीतर त्या दोन बारमध्ये त्याचाच सोलो ऐकू येतो.