निफाडला उतरणारी बॅटरी

निफाडच्या अण्णांची गाडी आमच्याकडे बॅटरीसाठी आलीच नव्हती, रेडिओ चालू करून द्या म्हणून आली होती. जानेवारीतली गोष्ट, पण अजून डोक्यातून जात नाही म्हणून लिहून काढतोय.

नाशिकला वडाळा नाक्याजवळ माझं कार म्युझिकचं दुकान आहे, एकोणीस वर्षं झाली. हल्ली नव्वद टक्के काम अँड्रॉइड स्क्रीनचं, जुना स्टीरिओ काढा, कपलर लावा, फ्रेम बसवा, पुढची गाडी घ्या. मला त्यात मजा येत नाही. माझं आवडतं काम म्हणजे कंपनीचा स्टीरिओ जागेवर तसाच ठेवून त्याला नवीन प्लेअर जोडणं. लोकांना वाटतं मागे दोन वायरी लावल्या की झालं. तसं नसतं. जुन्या ऑक्टाव्हियाचंच घ्या, औरंगाबादजवळ शेंद्र्याला जुळणी व्हायची त्या गाड्यांची. त्यातल्या कॅसेटवाल्या रेडिओला मागे सीडी चेंजरसाठी, म्हणजे एकदम बऱ्याच सीडी घेणाऱ्या प्लेअरसाठी, बारीक पिनांचा एक कपलर असतो. एकोणीस नंबरवर डावा आवाज, वीसवर उजवा, अठरावर त्यांची अर्थिंग. तिथे तुम्ही फोनचा आवाज नुसता नेऊन सोडलात तर काहीही वाजणार नाही, कारण रेडिओ आधी डेटाच्या वायरींवर विचारतो की बाबा चेंजर आहे का, आणि उत्तर आलं नाही तर तो आवाजाचं दार उघडतच नाही. म्हणून मध्ये एक डब्बा लावायचा जो रेडिओला सांगत राहतो, हो मी चेंजर आहे, सीडी एक, गाणं तीन. मग डब्ब्याला पेन ड्राइव्ह लावा, ऑक्स लावा, काय पाहिजे ते लावा. आवाज सरळ वायरीतून जातो, त्या सिगारेट लायटरमधल्या एफएम ट्रान्समीटरसारखी खरखर नाही, की गाव बदललं की फ्रिक्वेन्सी शोधत बसायचं नाही.

अण्णांच्या २००५ च्या ऑक्टाव्हियाला असा डब्बा मी स्वतः २०१३ मध्ये बसवला होता. हे मला ते आले तेव्हा आठवलं नव्हतं. दहा-बारा वर्षांत किती गाड्या हाताखालून जातात.

तर अण्णा आणि त्यांचा पुतण्या आले, रेडिओवर नुसतं सेफ लिहून येत होतं. बॅटरी काढून लावली की हा रेडिओ चार आकडी कोड मागतो, आणि दोनदा चुकला की तासभर काही टाकूच देत नाही, कुणीतरी अंदाजाने दाबत बसलं होतं. सर्व्हिस बुकच्या पानावर पेन्सिलने कोड लिहिलेला सापडला, टाकला, चालू झाला. काम संपलं होतं. मी सहज विचारलं, बॅटरी का काढली होती हो? तर पुतण्याने पाढाच वाचला. दीड वर्षात दोन बॅटऱ्या नवीन घेतल्या, अल्टरनेटर बदलला, सेल्फ उघडून झाला, आणि आता एका वर्कशॉपने ईसीएम, म्हणजे इंजिनचा कंप्युटर, गेलाय म्हणून मोठा आकडा सांगितलाय. म्हणून रोज रात्री पाना घेऊन बॅटरीची वायर काढून ठेवतात. मला या प्रकाराची खूप चीड येते. गाडी रात्री किती करंट खाते हे मोजायला अर्धा-पाऊण तास आणि एक साधा मीटर लागतो, तो कोणी लावला नाही, पार्ट मात्र तीन बदलले.

मी विचारलं, रोज बंद पडते का? अण्णा म्हणाले, "नाही ना, घरी तीन-चार दिवस उभी राहिली की पडते. द्राक्षाचं काम असलं की मी मोटरसायकलवरच फिरतो. पण दिवाळीत नाशिकला लेकीकडे पाथर्डी फाट्याला आठ दिवस उभी होती, एका सेल्फला चालू झाली."

आता निफाडची थंडी सगळ्या महाराष्ट्राला माहिती आहे, पारा पार खाली जातो, बागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात. पुतण्या म्हणाला थंडीनेच होत असेल. थंडीने बॅटरी ढिली पडते हे खरं, त्यात १.९ चं डिझेल इंजिन, त्याला सेल्फ जोरात लागतो. पण मग उन्हाळ्यात का पडत होती? उन्हाळ्यातही पडली होती, मी विचारलं तेव्हा आठवलं त्यांना. मग मी म्हटलं गाडी ठेवा, मोजू या.

मोजायची माझी एक पद्धत आहे, दुकानातल्या मुलांना पण तीच शिकवतो. बॅटरीची निगेटिव्ह वायर एकदम काढायची नाही, आधी जंपर, म्हणजे जोडवायर, लावायचा आणि मग मध्ये मीटर घालायचा, म्हणजे गाडीचा करंट एक क्षणही तुटत नाही. तुटला तर गाडीतले सगळे मॉड्यूल, म्हणजे छोटे कंप्युटर, नव्याने सुरू होतात, रेडिओ कोड मागतो, आणि जो दोष शोधायचाय तोच गायब होतो. दरवाजा उघडा ठेवायचा पण त्याच्या कुलपात स्क्रूड्रायव्हरने खटका पाडायचा, गाडीला वाटलं पाहिजे की दार बंद आहे. चावी काढून लांब. आणि मग अर्धा तास हात लावायचा नाही. इथेच सगळ्यांचा धीर सुटतो.

अण्णा आणि पुतण्या रस्त्यापलीकडे चहाला गेले. मीटर आधी अडीच अँपिअर, मग एकच्या खाली, मग हळूहळू उतरत ०.०३ वर येऊन थांबला. तीस मिलीअँपिअर म्हणजे एकदम निरोगी गाडी, याने महिनाभरही बॅटरी उतरत नाही. मी मनात म्हटलं, झालं, काही सापडणार नाही.

तेवढ्यात अण्णा चहा पिऊन आले आणि बॉनेटपाशी उभे राहून मीटरकडे बघायला लागले. आणि माझ्या डोळ्यांसमोर आकडा ०.०३ वरून ०.३१ झाला. कुणी गाडीला बोट लावलेलं नाही. आमचा पोरगा पण बघतच राहिला. मी म्हटलं अण्णा, परत जरा पलीकडे जाऊन उभे राहा. ते गेले, पाच-सात मिनिटांत आकडा खाली. परत बोलावलं, आकडा वर. तिसऱ्या वेळी मी म्हटलं या, पण खिशातला फोन चहावाल्याकडे ठेवून या. ते आले, मीटर हलला नाही.

रेडिओ काढला. मागे एक छोटं ब्लूटूथचं बोर्ड होतं, टेपमध्ये गुंडाळलेलं, दोन-एक वर्षांपूर्वी पुतण्याने कुठून तरी बसवून घेतलेलं. अण्णांना फोनवरचं कीर्तन गाडीत ऐकायचं होतं. त्याला करंट कुठून दिला होता तर एका पिवळ्या वायरीला निळी क्लिप चावून. आणि त्या वायरीवरचा जोड बघितला आणि मला एकदम ओळख पटली. वायर उलट-सुलट पिळून, सोल्डर करून, वर कापडी टेप आणि टेपच्या शेवटाला दोऱ्याची गाठ. अशी गाठ मीच मारतो, उन्हात टेपचा गोंद सुटतो म्हणून.

ती पिवळी वायर सोळा नंबरच्या पिनवरची, म्हणजे डायरेक्ट बॅटरी, चावी काढली तरी चालू. शेजारी सतरा नंबर, तिथे रेडिओ चालू असेल तेव्हाच करंट येतो. मी डब्बा सोळावर घेतला होता आणि का घेतला होता तेही हळूहळू आठवलं. सतरावर घेतला की दर वेळी चावी फिरवली की गाणं पहिल्यापासून सुरू व्हायचं, गिऱ्हाईक कटकट करायचे. सोळावर जागा लक्षात राहायची, आणि रेडिओ बंद झाला की डब्बा आपोआप झोपायचा. मी तेव्हा मोजलं होतं, झोपायचा. फक्त पुढे कधी एखादा डब्बा बदलला तर सोय म्हणून त्या पिवळ्या वायरीचं एक शेपूट मी मोकळं सोडलं होतं, टेप लावून, पण त्यावर डायरेक्ट आहे असं काही लिहिलं नव्हतं. ब्लूटूथवाल्याला ती आयती मिळाली.

मग सगळं जुळलं. फोन जवळ असला की ब्लूटूथ जोडलेलं राहायचं, ते जागं म्हणून त्याच्या आवाजाच्या वायरीवर डब्बाही जागा. निफाडला गाडी पडवीत आणि अण्णांची खाट भिंतीच्या अलीकडे, फोन उशाशी. रात्रभर जोडलेला. पाथर्डी फाट्याला गाडी खालच्या पार्किंगमध्ये आणि अण्णा पाचव्या मजल्यावर. ०.३१ म्हणजे पूर्ण चोवीस तासांचे साडेसात अँपिअर-अवर. सत्तर अँपिअर-अवरची बॅटरी, चार दिवसांत त्यातले तीसपर्यंत गेले, वरून पहाटेची थंडी. कसली ईसीएम अन् कसलं काय.

मी ब्लूटूथ आणि डब्बा दोन्ही सतरावर घेतले, मध्ये दोन अँपिअरचा फ्यूज टाकला, शेपूट कापून बंद केलं. अण्णांचा फोन सीटवर ठेवून परत अर्धा तास मोजलं, ०.०२.

अण्णा एकदम खूश होते. पुतण्या मात्र मला बाजूला घेऊन म्हणाला की मागच्या डिसेंबरात काकूंना पहाटे तीनला छातीत दुखायला लागलं, गाडी टकटक करून गप्प, शेवटी शेजाऱ्याच्या पिकअपमध्ये पुढे बसवून चांदोरीवरून नाशिकला आणलं. काकू आता बऱ्या आहेत. तो हे सहज सांगत होता, बॅटरीने किती छळलं त्याचं उदाहरण म्हणून. त्याला माहितीच नव्हतं ती गाठ कोणाची होती.

मी अण्णांना सांगितलं. ती मूळ वायर माझी आहे, मी ती मोकळी ठेवायला नको होती. ते थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले, मग म्हणाले, "अरे पण ब्लूटूथ तर दुसऱ्याने लावलं ना?" हो, दुसऱ्याने लावलं. न मोजता लावलं, क्लिप चावून लावलं, ही त्याची चूक आहेच, आणि तीन पार्ट बदलणाऱ्यांची त्याहून मोठी. पण मला ते ऐकून बरं वाटलं नाही. पैसे घेतले नाहीत तर ते चिडले, फुकट काम नको म्हणाले, शेवटी फ्यूजचे आणि वायरीचे तेवढे घेतले.

माझ्याकडे जुन्या डायऱ्या आहेत, कुठल्या गाडीला काय लावलं ते लिहून ठेवायची सवय पहिल्यापासून. २०१२ ते २०१५ मध्ये सोळा नंबरवर घेतलेले असे डब्बे अकरा गाड्यांना निघाले. त्या रात्रीपासून दुकान बंद करताना एक-दोन फोन लावतो. चार जणांनी गाडी विकलीय, तिघांनी आणून दाखवली, त्यातल्या एका गाडीत माझ्या शेपटाला डॅशकॅम जोडलेला होता. दोघं म्हणाले सवड झाली की येतो. उरलेले दोन नंबर लागत नाहीत. त्यातला एक सिन्नरचा आहे, डायरीत नावापुढे नुसतं फॅबिया आणि गाडीचा नंबर लिहिलाय, येत्या रविवारी तिकडे जाऊन विचारून बघतो.