धुक्यात सव्वा तास

आमच्या सहली नेण्याच्या धंद्यात हवामानाचा अंदाज बघणं ही सकाळची पहिली पूजा. जपानमधल्या तोयामाच्या हॉटेलात पाच वाजता मोबाइल उघडला. शहरात स्वच्छ ऊन, वर मुरोदोला, म्हणजे आमच्या डोंगरवाटेवरच्या सर्वांत उंच थांब्याला, ढग आणि वारा. ढगांची मला भीती नव्हती. वाऱ्याची होती, कारण वाऱ्यानं रोपवे थांबतो.

एप्रिल 2025. तातेयामा-कुरोबे अल्पाइन रूट, बावीस माणसं. ज्यांनी हा मार्ग केलेला नाही त्यांच्यासाठी सांगते: तातेयामा स्टेशनपासून ओगिझावापर्यंत, म्हणजे तोयामा जिल्ह्यातून नागानो जिल्ह्यात, डोंगर आडवा पार करायचा. अंतर जेमतेम 37 किलोमीटर, पण चढ 475 मीटरवरून 2450 मीटरपर्यंत. आधी केबल कार, मग बस, मग बोगद्यातली बस (2024 पर्यंत तिथे ट्रॉलीबस होती, आता बॅटरीची), मग रोपवे, पुन्हा केबल कार, धरणावरून पायी आणि शेवटी पुन्हा बोगद्यातली बस. आमच्या सुटकेसेस मात्र गाडीनं डोंगराला वळसा घालून आधीच पलीकडे जातात. म्हणून मी आदल्या रात्री घसा फोडून सांगते की औषधं हातातल्या पिशवीत ठेवा.

पहिली केबल कार जिथे सोडते त्या बिजोदायराहून निघालेली बस वर चढू लागली तशी जपानी सीडरची झाडं आखडत गेली, मग संपलीच. दोन्ही बाजूंनी बर्फ वाढू लागला. युकी-नो-ओतानी म्हणजे बर्फाची मोठी घळ. वाऱ्यानं उडालेला बर्फ या खोलगट जागेत येऊन साठतो, म्हणून तो आजूबाजूपेक्षा कितीतरी जास्त. रस्ता बुलडोझरनं कोरून काढतात आणि दोन्हीकडे भिंती उभ्या राहतात. चांगल्या बर्फाच्या वर्षी वीस मीटरपर्यंत, म्हणजे सहा मजली इमारत. जाहिरातीत वर निळं आकाश असतं. आमच्या वाट्याला वरही पांढरं, खालीही पांढरं. भिंत कुठे संपते आणि धुकं कुठे सुरू होतं, कळेना.

ग्रुपमधले कराडचे काका मात्र भिंतीला नाक लावून उभे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. "ताई, ह्या मातकट रेषा बघितल्या का? थर हायत." मी सांगितलं, चीन-मंगोलियाच्या वाळवंटातली धूळ वसंतात वाऱ्याबरोबर येते, ती बर्फावर बसते. काका खूश. बाकीचे फोटो काढून पाच मिनिटांत गारठले.

मुरोदोच्या इमारतीत शिरलो आणि सूचना ऐकू आली: वाऱ्यामुळे रोपवे तात्पुरता बंद. कधी सुरू होईल, सांगता येत नाही. तो रोपवे 1.7 किलोमीटरचा आहे आणि मध्ये एकही खांब नाही, दरीत खांब रोवायचे नाहीत म्हणून. एरवी हे मी अभिमानानं सांगते. त्या दिवशी गप्प बसले.

तेवढ्यात काकू माझ्याजवळ आल्या. "मॅडम, रागावू नका. माझं इन्सुलिन सुटकेसमध्ये गेलं."

रोपवे नाही सुटला तर आल्या वाटेनं तोयामाला परत. बॅगा पलीकडे ओगिझावाला. वळसा घालून तिथवर जायला रात्र होणार. काकूंचं इंजेक्शन रात्रीच्या जेवणाआधी. मी कागदावर आकडेमोड करत बसले: कुठली गाडी, कुठला दवाखाना, इन्सुलिनला जपानीत काय म्हणतात (इन्शुरिनच म्हणतात, तेवढं बरं). खाण्याचाही घोळ होताच. इथल्या सोबाच्या, म्हणजे शेवयांच्या, रश्श्यात माशाचं पाणी असतं, त्यामुळे निम्मा ग्रुप उमेबोशी, म्हणजे खारवलेलं आंबट फळ, घातलेल्या भाताच्या गोळ्यांवर आणि घरच्या चिवड्यावर. एवढ्या उंचीवर चिवड्याची पाकिटं फुग्यासारखी टम्म झाली होती. कुणीतरी एक फोडलं आणि अर्धा हॉल दचकला.

"पैसे पाण्यात" हा शब्द मला मागून ऐकू आला. बरोबरच होतं त्यांचं. 3015 मीटरचा ओनांजी डोंगर समोर होता आणि दिसत नव्हता. मिकुरिगाइके तळं दहा मिनिटांवर, पण एप्रिलमध्ये ते बर्फाखालीच असतं, धुकं नसतं तरी.

मी वैतागून मोकळ्या हवेत गेले. काका आधीच तिथे. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि दोरीपलीकडे दाखवलं. हायमात्सुची, म्हणजे जमिनीसरशी पसरणाऱ्या पाइनची, एक फांदी बर्फातून वर आली होती. तिच्याशेजारचा बर्फाचा गोळा हलला. रायचो. अंग अजून हिवाळ्याचं पांढरं, मानेवर काळसर पिसं फुटायला लागलेली, डोळ्यावर लाल टिकली, पायांच्या बोटांपर्यंत पिसं. बेडकासारखा घोगरा आवाज काढत तो आमच्याकडे बघत निवांत चालला होता.

रायचो म्हणजे वीज-पक्षी. ससाणे-गरुड ज्या हवेत उडत नाहीत, त्याच हवेत हा बाहेर पडतो. स्वच्छ उन्हात मी सात वेळा मुरोदोला आलेय, एकदाही दिसला नव्हता. सगळ्या जपानात आता दोन हजारसुद्धा उरलेले नाहीत. तरी माणसाला घाबरत नाही, कारण डोंगरातल्या देवाचा म्हणून त्याला कुणी मारत नसे. मी आत पळत गेले आणि सगळ्यांना, आवाज न करण्याच्या बोलीवर, बाहेर आणलं. बावीस मराठी माणसं चार मिनिटं गप्प! "पैसे पाण्यात" वाले सर्वांत पुढे.

सव्वा तासानं रोपवे सुरू झाला. खाली उतरलो तसं धुकं फाटलं आणि कुरोबेचं धरण दिसलं. काका कठड्याला धरून उभे राहिले. 186 मीटर उंच, कमानी भिंत. "आमची कोयना 103. ही 1963, आमची 1964. वीजघर दोन्हीकडं जमिनीखाली." त्यांचे वडील कोयनेवर होते, 1967 च्या भूकंपात काका चौदा वर्षांचे. कुणीतरी विचारलं, पाणी कुठं सोडतात? पर्यटकांसाठीचा विसर्ग जूनअखेरीला सुरू होतो, असं मी सांगितलं. "पर्यटकांसाठी विसर्ग!" काकांना ते काही पचलं नाही.

धरणाच्या टोकाला सहा कामगारांचे पुतळे आहेत आणि बांधकामात मेलेल्या 171 जणांची नावं. काका टोपी काढून म्हणाले, "वाच की ताई."

"नावांचे उच्चार नीट येत नाहीत हो."

"आडनावं वाच मग."

मी वाचत गेले. दुसऱ्या रांगेत असताना काकूंची हाक आली, "अहो, बस!"

शेवटच्या बोगद्यात एका जागी निळे दिवे लागतात. बोगदा खणताना तिथे खडकाचा चुरा आणि बर्फासारखं गार पाणी लागलं होतं. ऐंशी मीटर खणायला सात महिने गेले. मी हे आधीच सांगून ठेवलं होतं. काकांनी घड्याळ लावलं.

"दहा सेकंद," ते म्हणाले.

ओगिझावाला सुटकेसेस रांगेत उभ्या होत्या. काकूंची निळी, तिसरी.