आईची कंबरदुखीची गोळी आणि बीपीची गोळी

गेल्या पावसाळ्यात खानापूरला आमच्या शेतात भाताची रोप लावणी चालू होती. आई 62 वर्षांची. दिवसभर चिखलात वाकून तिची कंबर धरली, म्हणून मेडिकलमधून डायक्लोफेनॅक आणली. सकाळी एक, रात्री एक, असे आठ दिवस. बीपीची गोळी रोजची होतीच: टेल्मिसार्टन 40 आणि त्यातच लघवी वाढवणारं हायड्रोक्लोरोथायझाइड 12.5.

नवव्या दिवशी तिची जोडवी बोटांत रुतलेली दिसली. नडगीवर अंगठा दाबला तर खळगा तसाच राहिला. लगोलग बेळगावला नेलं. बीपी 170/100, रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाने गाळून बाहेर टाकायचा कचरा, 2.1. बायकांचं ते साधारण 1 च्या आसपास असतं.

डॉक्टरांनी कन्नडमध्ये विचारलं, "बेरे औषध तगोंड्रा?" म्हणजे दुसरं काही औषध घेतलं का? आई म्हणाली, "इल्ला," नाही. खोटं बोलत नव्हती ती. तिच्या हिशेबी औषध म्हणजे चिठ्ठीवर लिहिलेलं. अंगदुखीची गोळी बामाच्या डबीसारखी, घरात असायचीच. मी पिशवीतली रिकामी पाकिटं टेबलावर ठेवली, तेव्हा डॉक्टरांनी मान हलवली.

त्यांनी कागदावर मूत्रपिंड काढून दाखवलं. आत रक्त आणणारी नळी मोकळी ठेवणारं द्रव्य शरीर स्वतः बनवतं. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन तेच रोखतात. टेल्मिसार्टन बाहेर जाणारी नळी सैल करतं. लघवीच्या गोळीने अंगातलं पाणी कमी होतं. तिन्ही एकदम पोटात गेल्या की गाळायला लागणारा दाबच उरत नाही. त्यात आई शेतात दिवसभर पाणी जेमतेम पीत होती. वर डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या मीठ-पाणी अंगात धरून ठेवतात, म्हणून सूज आली आणि बीपीही वाढलं.

डायक्लोफेनॅक त्याच दिवशी बंद केली. बीपीची गोळीही डॉक्टरांनीच बदलून दिली. ती मनाने बंद करायची नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं. कंबरेसाठी पॅरासिटामॉल 650, दिवसात जास्तीत जास्त तीन, आणि सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असतं तेव्हा ती धरून मोजायची. तीन आठवड्यांनी क्रिएटिनिन 1.1 आलं. तो कागद हातात घेऊन मी दवाखान्याच्या पायरीवरच बसलो.

उठता उठता आप्पांची आठवण झाली. ते हृदयासाठी ऍस्पिरिन 75 घेतात, आणि गुडघा दुखला की आयब्युप्रोफेन. परत आत जाऊन विचारलं. ऍस्पिरिन रक्तातल्या ज्या पेशींवर काम करतं, तिथली जागा आयब्युप्रोफेन आधीच अडवतं, शिवाय पोटात रक्तस्राव व्हायची भीती वाढते. त्याच संध्याकाळी आप्पांनी उशाखालचं पाकीट स्वतः काढून माझ्या हातात दिलं.