दोन सुतांचा बाक

मिशिगनमध्ये मार्च उजाडला की ग्रामीण भागातील अनेक रस्त्यांवर अवजड वाहनांच्या भारावर बंधने येतात. हिवाळ्यात खोलवर गोठलेली जमीन वरून वितळू लागते, पण खालचा थर अजून घट्ट गोठलेलाच असल्यामुळे त्या पाण्याला खाली जायला वाट मिळत नाही, आणि डांबराखालचा पाया इतका नरम होतो की नेहमीची वाहतूक त्याला सोसत नाही. म्हणून डांबरी रस्त्यांवर प्रत्येक आसावरचा परवानगीचा भार 35 टक्क्यांनी कमी केला जातो. ओंडके वाहणाऱ्या ट्रकांचा धंदा या काळात मंदावतो आणि माझ्यासारख्या, लाकूड कापायची गिरणीच ओंडक्यापाशी घेऊन जाणाऱ्या माणसाला बोलावणी येऊ लागतात. जी जमीन ट्रकला नडते तीच गिरणीलाही नडू शकते, याचा पुरता प्रत्यय मला अशाच एका कामावर आला.

माझी गिरणी म्हणजे ट्रेलरवर बसवलेली आडवी बँडसॉ. तेरा अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन, दोन चाकांवर फिरणारी सव्वा इंच रुंदीची पट्टी आणि हे सगळे डोके रुळांवरून हाताने पुढे ढकलायचे. ओंडका जागेवर स्थिर राहतो, करवत त्याच्यावरून जाते. वाहन उद्योगात टूल अँड डायच्या, म्हणजे हत्यारे आणि साचे घडवणाऱ्या विभागात आयुष्य काढल्यामुळे कोणतेही यंत्र आहे तसे वापरणे मला जमत नाही, आणि या गिरणीवर तर कारखान्याने सुधारणेला बराच वाव ठेवलेला होता. पट्टीवर पाण्याची धार सोडणारी तोटी हाताची होती. तिथे मी बारा व्होल्टचा विजेचा व्हॉल्व्ह बसवून त्याचे बटण थ्रॉटलला जोडले, त्यामुळे कापणे थांबले की पाणीही थांबते. डोके वर-खाली करण्यासाठी विजेची विंचही लावून पाहिली होती, पण ती नेमक्या रेघेवर थांबेना, म्हणून काढून टाकली आणि पुन्हा हाताचे हँडल बसवले. वेग वाढवणाऱ्या सुधारणांबद्दल मला एकूणच फारसे प्रेम उरलेले नाही.

त्यापेक्षा पट्टीच्या ताणाची सुधारणा कितीतरी मोलाची ठरली. साधारण चार मीटर लांबीची पोलादी पट्टी कापताना 40 अंश सेल्सिअसने तापली तर जवळपास दोन मिलिमीटरने लांब होते. ताण देणारा बोल्ट मात्र आपल्या जागी असतो, म्हणजे ताण उतरतो आणि पट्टी लाकडात हेलकावे घेऊ लागते. फळी लाटांची निघाली की माणसे दाते बोथट झाले असे म्हणून पट्टी बदलतात, आणि नवी पट्टीही थोड्या वेळाने तेच करते. मी त्या बोल्टखाली बशीच्या आकाराच्या स्प्रिंग वॉशरांची एक चळत बसवली. पट्टी लांबली की चळत उलगडते आणि ताण बराचसा टिकून राहतो. दिवस संपल्यावर मात्र ताण सैल करावाच लागतो, कारण रात्री थंड झालेली पट्टी आखडते आणि चाकांवर व बेअरिंगांवर विनाकारण जोर येतो.

लांब तुळयांच्या कामासाठी मी गिरणीच्या बेडला, म्हणजे ओंडका ज्यावर ठेवायचा त्या रुळांच्या सांगाड्याला, एक जोडतुकडाही तयार केला होता. मूळ बेडवर सोळा फुटांचा ओंडका कापता येई, जोड लावल्यावर चोवीस फुटांपर्यंतचा बसतो. सांध्यावर नुसते नट-बोल्ट न लावता मी दोन निमुळत्या डॉवेल पिना घातल्या, जेणेकरून दर वेळी जोडताना रुळाला रूळ तंतोतंत मिळावा. सांध्याखाली दोन्ही बाजूंना स्क्रूचे पाय आहेत आणि त्यांच्या तळाशी आठ इंचांच्या चौरस लाकडी पाट्या असत.

काम एका जुन्या बार्नच्या दुरुस्तीचे होते. लाकडी सांगाड्याच्या या कोठारांत सर्वांत आधी कुजते ती जमिनीलगतची, दगडी पायावर बसलेली तुळई. तिच्या जागी दहा इंच बाय दहा इंच, बावीस फुटी अशा दोन नव्या तुळया हव्या होत्या. मालकाने आपल्याच रानातले व्हाइट ओक हिवाळ्यात पाडून ठेवले होते. या जातीच्या गाभ्यातील सूक्ष्म नलिका नैसर्गिक रीत्या बुजलेल्या असल्यामुळे पाणी आत सहज शिरत नाही. पिंपे आणि होड्या याच लाकडाच्या करतात. पण ओले व्हाइट ओक भयंकर जड. एकेक ओंडका दीड टनाहून अधिक भरत होता.

सकाळी पोहोचलो तेव्हा जमीन टणक होती. इथल्या विद्यापीठात शिकणारा माझा भाचा मदतीला आला होता. बेड समतल करायला मी लेव्हल ट्यूब वापरतो, म्हणजे आपल्याकडे गवंडी वापरतात तीच पारदर्शक नळी. चिपळूणला वडिलांची लाकडाची वखार होती आणि तिच्या शेडचे बांधकाम चालू असताना ही नळी धरून उभे राहण्याचे काम माझ्याकडे असे. इथल्या थंडीत पाणी गोठते, म्हणून मी तिच्यात गाडीची काच धुण्याचा निळा द्रव भरतो. तो गोठत नाही आणि नळीत स्पष्ट दिसतो. मालकाने ते पाहिले आणि बाजारात लेझर मिळतात अशी माहिती मला दिली. उघड्यावर, बर्फावरून उसळणाऱ्या उन्हात त्या साध्या लेझरचा ठिपका शोधत बसावे लागते, हे मी त्यांना सांगितले नाही.

पहिली तुळई दुपारच्या आधी सुरेख निघाली. ओंडक्याचे बारीक टोक मी मोटारीच्या भंगारातून आणलेल्या कात्री जॅकने उचलतो, म्हणजे दोन्ही टोकांचा मध्यबिंदू रुळापासून सारख्या उंचीवर येतो आणि गाभा तुळईच्या मधोमध राहतो. कापण्याआधी टोकाच्या कापावर निळसर काळा ओघळ दिसतो का तेही पाहून घेतले. ओकमधील टॅनिन आणि लोखंड एकत्र आले की तो डाग पडतो. डाग दिसला की आत खिळा किंवा कुंपणाची तार आहे असे समजून पुढचे पाऊल टाकायचे. दोन्ही ओंडके स्वच्छ होते.

जेवणानंतर दुसरा ओंडका चढवला. ऊन चांगले पडले होते. पहिली बाजू कापली, सालीची पाठ काढून ठेवली, ओंडका उलटा केला आणि समोरची बाजू कापली. नेहमीप्रमाणे दोरी ताणून पाहिली, तर तुळईच्या एका टोकापासून सुमारे दोन-तृतीयांश अंतरावर दोरी आणि लाकूड यांच्यामध्ये दोन सुतांची फट होती. दोन सूत म्हणजे पाव इंच. फळीत ते खपून जाईल, पण दगडी पायावर बसायच्या तुळईत खपत नाही.

भाचा म्हणाला, “मामा, लाकडातला ताण सुटला असणार.” शंका रास्त होती. झाडाच्या खोडात बाहेरचा थर लांबीच्या दिशेने ओढलेला असतो आणि गाभा दाबलेला असतो. एका बाजूची पाठ काढली की तिथली ओढ नाहीशी होते, समोरच्या बाजूची शिल्लक राहते आणि ओंडका वाकतो. पण तो कोणत्या बाजूला वाकतो, हे इथे महत्त्वाचे होते. कापलेली बाजू अशा वेळी फुगते. ती खाली घालून ओंडका ठेवला की मध्यभाग बेडला टेकतो आणि टोके किंचित उचललेली दिसतात. आमच्याकडे नेमके उलट दिसत होते. भाच्याने खिशातला बसचा पास काढून बेडच्या प्रत्येक आडव्या पट्टीवर, लाकडाखाली सारून पाहिला. दोन्ही टोकांना तो अजिबात शिरेना. सांध्याजवळच्या पट्टीवर मात्र सहज आत गेला आणि वर जागा उरली. मग जाडी मोजली. टोकांना साडेअकरा इंच, सांध्यापाशी सव्वाअकरा. लाकूड वाकले नव्हते. लाकूड सरळ होते आणि त्याच्याखालचा बेड खचला होता; रुळांवरून जाणारी करवत त्या खळग्यात इमानाने उतरली होती आणि तोच खळगा तिने लाकडावर उमटवला होता.

निळी नळी पुन्हा काढली. रुळाच्या टोकावर आणि सांध्यावर धरून पाहिली, तर सांधा दोन सूतच खाली होता. पाटीजवळची माती बोटाने दाबली तर वरचा तीन-चार बोटांचा थर भात लावणीच्या खाचरासारखा मऊ लागत होता आणि त्याच्या तळाशी बर्फाचा कठीणपणा जाणवत होता. इंजिनाचे डोके, बेड आणि दीड टनाचा ओंडका यांचा मोठा वाटा पेलणारे ते दोन पाय आठ इंचांच्या पाट्यांसकट त्या चिखलात हळूहळू उतरत होते. टोकांचे पाय बार्नच्या सावलीत होते, तिथली जमीन अजून हललेली नव्हती.

उपाय समोरच पडला होता. ओंडक्यांच्या सालीकडून निघालेल्या पाठींचे चार-चार फुटांचे तुकडे केले आणि सपाट बाजू खाली करून, प्रत्येक पायाखाली एक याप्रमाणे आडवे घातले. दहा इंच रुंद पाठीचा चार फुटी तुकडा त्या पाटीच्या साडेसातपट जमीन व्यापतो, म्हणजे दर चौरस इंचावरचा भार तितकाच कमी होतो. ओंडका कडेला सरकवून भार हलका केला, स्क्रू फिरवून सांधा वर घेतला, नळीतली रेघ जुळली तेव्हा थांबलो. शेवटच्या फेरीपर्यंत तुळई दीड इंच जास्त जाड ठेवण्याची माझी रीत आहे, त्यामुळे वाकडी कापलेली बाजू सरळ करूनही दहा इंच पुरेपूर मिळाले. मालक ओळंबा आणि गुण्या घेऊन आले, स्वतः तपासले, आणि मग शेतात निचऱ्याच्या नळ्या टाकताना उतार कसा मोजायचे ते आम्हांला बराच वेळ सांगत बसले. लेझरचा विषय पुन्हा निघाला नाही.

तरीही दर तासाला काम थांबवून नळी धरणे परवडणारे नव्हते, आणि खचणे सावकाश होत असल्यामुळे ते डोळ्यांना दिसत नाही. त्या कामानंतर मी गॅरेजमध्ये बेडच्या दोन्ही टोकांना आणि सांध्यावर एकेक उभी पारदर्शक नळी पक्की बसवली आणि तिन्ही नळ्या रुळाखालून नेलेल्या एका रबरी पाइपने जोडल्या. बेड समतल केला की तिन्हींवरच्या सरकत्या खुणा द्रवाच्या पातळीशी लावून ठेवायच्या. पुढे डोके ढकलत जाताना नजर टाकली तरी पुरते. वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. सांधा सहा मिलिमीटर खचला तर त्याच्या नळीत द्रव सहाने चढत नाही. द्रव तेवढाच असल्यामुळे तो तिघांत वाटला जातो, सांध्यावर चार मिलिमीटर चढतो आणि टोकांना दोन-दोन उतरतो. म्हणून एकाच नळीवर विसंबायचे नाही, दोहोंमधला फरक पाहायचा. पाइपमध्ये हवेचा बुडबुडा अडकला तरी आकडे चुकतात; त्यासाठी द्रव एका टोकाकडून सावकाश भरावा लागतो आणि पाइपला कुठेही कमान येऊ द्यायची नसते.

भाच्याला त्यावर सेन्सर आणि गजर बसवायचा आहे. मी अजून होकार दिलेला नाही, कारण इंजिनाच्या आवाजात आणि कानांवर मफ असताना गजर ऐकू येणार नाही. वाहतुकीत द्रव सांडू नये म्हणून तिन्ही नळ्यांना टोपणे लावावी लागतात आणि काम सुरू करताना ती तिन्ही काढावी लागतात. एकही राहून गेले तर त्या नळीत हवा कोंडते आणि तिथली पातळी खोटी दाखवली जाते. तूर्त ती तीन टोपणे मी एकाच लाल दोरीत ओवली आहेत आणि काम चालू असताना ती दोरी इंजिनाच्या चावीला अडकवलेली असते.