खुंटा हातात असेल तर

दुपारी सोसायटीच्या दारात ते जातं दिसतं. तोंडात मनीप्लांट, खुंट्याचं भोक रिकामं. शोभेचं आहे म्हणे.

तोंड हे वैरणीचं, म्हणजे दळायचे दाणे घालायचं. एका हाताने ओढायचं, दुसऱ्याने मूठ सोडायची, आणि मूठ लहानच हवी. मोठी पडली की पीठ जाड येतं. वैरण चुकली तर दगडावर दगड घासतो आणि भाकरी दाताखाली कचकचते. म्हणून रिकामं जातं ओढत नाहीत. पाळी, म्हणजे जात्याचा दगड, गुळगुळीत झाली की टाकी लावून खरखरीत करून घ्यायची, नाहीतर पहाटेचं दळण उन्हं आली तरी सरत नाही.

ओवी या ओढीवर बेतलेली. ओळ संपते तिथे मूठ पडते. पुस्तकात छापताना 'गं', 'बाई' हे भरीचे शब्द म्हणून छाटतात. मला ते बघवत नाही. भरीचे कसले, फेरा पुरा करणारे शब्द ते! नुसतं बसवून 'ओवी सांगा' म्हटलं तर आठवत नाही. खुंटा हातात द्या, मग बघा. 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथातही, म्हणजे 1129च्या सुमारास, महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात अशी नोंद आहे. तिथेही हात रिकामे नाहीतच.

पहिली ओवी देवाला. पण देवाला म्हणून सूट नाही. राम थोर खरा, तरी सीतेच्या वनवासाचा जाब जात्यापाशी विचारला जातो. विठ्ठल बाप होतो, भाऊ होतो, आणि जनीवरून रुक्मिणी रुसते, अगदी शेजारच्या घरातल्यासारखी. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, तो 'चुडा'. भावाचं मात्र कौतुक सरत नाही. भीमरावांच्या ओव्या आल्या त्याही याच चालीवर. हेमा राईरकर आणि गी प्वातवां या अभ्यासकांनी गावोगावच्या बायकांकडून 1 लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. सासूचा जाच, अंगणातली तुळस, लेकीची पाठवणी, सगळं एका पिठात.

दळण संपलं तरी 'सरलं' म्हणवत नाही. शेवटच्या ओवीत सासर-माहेर दोन्हींचं भलं मागायचं आणि सूप पलीकडे सारायचं.

मनीप्लांट बाकी छान वाढलाय. रोज कुणीतरी पाणी घालतं.